पेशंटबरोबर कोण आहे?

मला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सोळा वर्षं मी वॉर्डात इंग्रजीच बोलते आहे. "बेड नंबर सेव्हन, बीपी लो, युरिन आउटपुट पुअर, डॉक्टर इन्फॉर्म्ड." हे इंग्रजी नाही तर काय मोडी आहे? पण परदेशात नर्स म्हणून जायचं तर तिकडची भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत बोलण्याच्या भागात मी दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या आधी अंधेरीला एका क्लासमध्ये नाव घातलं. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, सहा खुर्च्या, सहाही जणी नर्स. सरांनी माझं पाच मिनिटं बोलणं ऐकलं आणि निदान करून टाकलं. म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडे नामं आहेत, क्रियापदं आहेत, मधलं काहीच नाही."

मधलं म्हणजे कॅन, कुड, मे, माइट, शुड, वुड, मस्ट. ही सगळी मंडळी मी शाळेत घाटकोपरला शिकले होते, पाठ करून परीक्षेत लिहून विसरले होते. वॉर्डात त्यांची गरजच पडली नाही. सलाईन लावायला वुड लागत नाही.

सर सगळं मुळापासून सांगायचे. इंग्रजीत काही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला येतात, त्यांना ऑक्झिलरी म्हणतात. त्यातली बी, डू, हॅव ही तिघं मदतही करतात आणि स्वतःचा संसारही चालवतात. 'आय हॅव अ केसपेपर' म्हटलं की हॅव एकटा उभा राहतो. पण कॅन, मे, मस्ट यांना एकटं उभं राहता येत नाही. त्यांना एस लागत नाही, आयएनजी लागत नाही, ते कुणासाठी बदलत नाहीत, आणि दोघं एका वाक्यात शेजारी बसत नाहीत. मी 'पेशंट विल कॅन वॉक' म्हणायचे. सर कान पकडायचे, स्वतःचे.

ऑक्झिलरी हा शब्द मला ओळखीचा होता. माझ्या पहिल्या सर्टिफिकेटवर 'ऑक्झिलरी नर्स' असंच लिहिलं होतं. मोठी नर्स इंजेक्शन द्यायची, आम्ही ट्रे धरायचा. पुढे शिकून मी स्टाफ नर्स झाले, पण ट्रे धरलेले दिवस विसरले नाही. त्यामुळे या क्रियापदांबद्दल मला आपुलकी वाटायला लागली होती. तरी ती तोंडात वेळेवर येत नव्हती ते नव्हतीच.

सरांचा सगळ्यात जास्त राग माझ्या मस्टवर होता. मी पेशंटला म्हणायचे, "यू मस्ट ईट." सर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही पोलीस आहात का? शुड म्हणा, वुड यू लाइक म्हणा, कुड यू ट्राय म्हणा." मी म्हटलं, सर, आमच्या वॉर्डात आम्ही म्हणतो, बाबा, उठा. बाबा, गिळा. बाबा, हात द्या. कुणाला राग येत नाही. घरी येताना मेट्रोत विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे ते 'बाबा' आणि 'मावशी'च मऊपणाचं काम करून टाकतात. इंग्रजीत पेशंटला बाबा म्हणायची सोय नाही, म्हणून त्या बिचाऱ्यांना वुड आणि कुड लावत बसावं लागतं. हे मी सरांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, "परीक्षेत हे सांगू नका."

घरी सरावाला पेशंट हवा असायचा. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. मी लग्न केलं नाही. दादा त्याच्या संसारासकट बोरिवलीला. बाबा गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा आम्ही लालबागहून घाटकोपरला आलो, चाळीत राहिलो, मग चाळीची बिल्डिंग झाली आणि आता सातव्या मजल्यावर आहोत. आईला मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली, पण तिची भाषा अजून अर्धी मालवणातच आहे, आणि राग आला की पूर्णच तिकडे जाते. इंग्रजीचा तिला गंध नाही. तरी पेशंट म्हणून ती अव्वल होती. रविवारी दुपारी जेवणं झाली की पदर खोचून खुर्चीवर बसायची आणि कण्हायला लागायची. मी इंग्रजीत विचारायचे, "कुड यू टेल मी व्हेअर इट हर्ट्स?" ती मालवणीत उत्तर द्यायची, "डोक्यापासून पायापर्यंत, सिस्टर, आणि तुमचा इंग्रजी आयकान जास्तच." मग आम्ही दोघी हसायचो.

मी गेल्यावर ती एकटी राहणार, हे आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही. ते मनात मात्र सारखं असायचं, दाढेत अडकलेल्या काट्यासारखं.

आणि मग गाठ निघाली. आंघोळ करताना तिच्या हाताला लागली, डाव्या छातीत, बाहेरच्या अंगाला. मी हात लावून पाहिला. हजार गाठी पाहिलेल्या हाताला कळतं. पण आईला म्हटलं, "चरबीची असेल. या वयात होतात. डॉक्टर तुकडा काढून तपासतील, काही नसूही शकतं." असेल, नसूही शकतं. मराठीतली ही शेपटं मला बरोबर लावता येत होती.

रिपोर्ट आला तो गुरुवार होता. डॉक्टरांनी आईला तपासलं, हसून तिच्याशी दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा हं." आई पिशवी घेऊन बाहेर गेली. मग त्यांनी विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" मी आणि दादा खुर्च्या पुढे ओढून बसलो.

मला यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगते. मी स्वतः सोळा वर्षं हेच केलं आहे. वाईट रिपोर्ट हातात आला की आम्ही पेशंटकडे बघत नाही, दाराकडे बघतो. नवरा, मुलगा, जावई, कुणीतरी जरा चुणचुणीत दिसणारा शोधतो आणि त्याला कॉरिडॉरमध्ये घेतो. पेशंटला सांगायचं ते त्याचं तो ठरवतो. बहुतेक वेळा तो ठरवतो की सांगायचं नाही. मग आम्हीही पेशंटसमोर तोंडात मूग धरून वावरतो. आपल्याकडे याला माया म्हणतात.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, पण लवकर सापडला आहे, पसरलेला दिसत नाही. दोन वाटा आहेत. एक, पूर्ण स्तन काढायचा. दुसरी, फक्त गाठ आणि तिच्या आजूबाजूचं काढायचं, बाकीचं ठेवायचं, मात्र मग पाच-सहा आठवडे रोज रेडिएशनला यायचं. तुमच्या आईच्या बाबतीत दोन्हींचा निकाल जवळजवळ सारखाच अपेक्षित आहे. "घरी ठरवा आणि मला कळवा," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?" दादा म्हणाला, "साधी गाठ आहे गं, काढून टाकतील." आईने माझ्याकडे बघितलं. मी रिक्षा बघायला पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. "हे बघ, पूर्णच काढून टाकू. या वयात कशाला रिस्क घ्यायची, यार? आणि रोज रेडिएशनला तिला नेणार कोण? मला सुट्टी नाही, तुझी ड्यूटी, तुझी परीक्षा. आणि आईला काही सांगायचं नाही हां. तिची वाट लागेल. धसक्यानेच जाईल ती."

मी हो म्हटलं. नुसतं हो म्हणून थांबले नाही, मीच डॉक्टरांना फोन केला. "सर, घरी ठरलंय. पूर्णच करा." ते म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या गुरुवारी त्यांना घेऊन या, सही आणि ऑपरेशनसाठीच्या फिटनेसच्या तपासण्या करून टाकू." सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. परीक्षा पुढच्या महिन्यात होती. सहा आठवड्यांचं रेडिएशन मला नको होतं. आईच्या छातीचा विचार मी नर्स म्हणून केला, मुलगी म्हणून केला, आणि परीक्षेला बसणारी बाई म्हणूनही केला. आईच्या बाजूने तेवढा केला नाही.

शनिवारी क्लासला गेले. त्या दिवशी सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. परीक्षेत असतं तसं नाटक करायचं, चिठ्ठीवर परिस्थिती लिहिलेली, समोर सर पेशंट म्हणून बसणार, पाच मिनिटं बोलायचं. माझ्या चिठ्ठीवर होतं की पेशंटला डायबेटिस आहे, पायाच्या बोटाला गँगरीन झालं आहे, बोट कापावं लागेल. त्याला हे सांगा, त्याची भीती ऐकून घ्या, त्याला काय वाटतं ते विचारा.

सर पाय लांब करून बसले. मी नमस्कार-चमत्कार केले, पाय कसा आहे विचारलं. कुड, वुड नीट आलं. मग बोटाचं सांगायची वेळ आली आणि माझी नजर सरांच्या खांद्यावरून मागे गेली. मी विचारलं, "सर, हू इज विथ यू?"

"नोबडी," सर म्हणाले. "आय हॅव कम अलोन."

मी म्हटलं, "देन प्लीज कॉल युवर सन."

सर नाटक सोडून हसायला लागले. बाकीच्या पाच जणी हसल्या नाहीत, कारण त्यांनीही तेच विचारलं असतं. खरोखरच पुढच्या दोघींनी तेच केलं. एकीने तर पेशंटला बाहेरच बसवलं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "अहो, तिकडे कुणी येणार नाही. पेशंट आणि तुम्ही, बस्स. बोट त्याचं आहे, त्याच्याशीच बोलायचं."

"पण सर," माझ्या शेजारची मुलुंडची सिस्टर म्हणाली, "त्याला सांगितलं आणि तो कोलॅप्स झाला तर?"

"तर तुम्ही नर्स आहात ना?"

मग त्यांनी मला परत बसवलं आणि एकेक वाक्य म्हणून घेतलं. 'यू मे नीड ॲन ऑपरेशन' नाही, 'यू विल नीड', कारण ऑपरेशन लागणार हे नक्की आहे. मे कुठे आणि माइट कुठे, हे तुम्हाला किती खात्री आहे त्यावर ठरतं. जे नक्की ठाऊक आहे त्याला मे लावायचा नाही. खात्री असून मे लावला तर पेशंटला वाटतं, अजून काही ठरलेलं नाही, आणि तो खोट्या आशेवर राहतो. हे सर व्याकरण म्हणून सांगत होते. मी वहीत लिहून घेत होते. शेवटचं वाक्य होतं, "व्हॉट वुड यू लाइक अस टू डू?" तुम्हाला काय हवं आहे, आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं. सर म्हणाले, "सोपं वाक्य आहे, का अडखळताय?" अडखळत होते कारण हे वाक्य सोळा वर्षांत मी कुठल्याही भाषेत, कुठल्याही पेशंटला म्हटलं नव्हतं.

घाटकोपर येईपर्यंत ठरवलं, आज आईला सांगते, घरी गेल्यागेल्या सांगते. घरी गेल्यागेल्या आईने बांगड्याचं तिखलं वाढलं आणि मी जेवून झोपले.

रविवारी दुपारी भांडी आवरून आई नेहमीसारखी खुर्चीवर येऊन बसली. "आज पेशंट नको काय तुका?"

मी चिठ्ठ्या काढल्या. त्यातल्या त्यात निरुपद्रवी शोधली, लहान मुलाचा ताप. आई म्हणाली, "ताप नको. मागच्या रविवारी पण तापच होतो. आज गाठीचो पेशंट करूया."

मी म्हटलं, "गाठीची चिठ्ठी नाही माझ्याकडे."

"चिठ्ठी कित्याक व्हयी? माझ्याकडे गाठ हा." तिने पदर खोचला, पाठ ताठ केली आणि पेशंटच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, माझ्या गाठीचा काय झाला?"

तिच्या तोंडावर हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. मी इंग्रजीत सुरू करायला गेले, तर म्हणाली, "इंग्रजी नको, माका कळणारा सांग."

मी म्हटलं, "आजी, गाठ साधी असू शकते. नसूही शकते. डॉक्टर बघतील आणि—"

"ह्या तू रिपोर्टच्या आधी सांगलंस," आई म्हणाली. आता तो पेशंटचा आवाज नव्हता. "रिपोर्ट गुरुवारी इलो. आता काय ता सांग."

मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं. दादा येईल, कुणीतरी बेल वाजवेल, मी उठून कॉरिडॉरमध्ये जाईन आणि कुणा दुसऱ्याला सांगून मोकळी होईन. दार बंद होतं. आई माझ्याकडे एकटक बघत होती. मी तिच्यासमोर खालीच बसले.

"आई, कॅन्सर आहे."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी तिची नाडी धरायला हात पुढे केला, तसा तिने तो झटकला. मग म्हणाली, "कोणाकोणाक ठाऊक आसा?"

मी सांगायला लागले. डॉक्टरांना. मला. दादाला. वहिनीला, कारण दादाने सांगितलं. आमच्या मेट्रनना, कारण मला सुट्टी मागायची होती. वहिनीच्या माहेरी. सांगताना मलाच ती यादी संपेनाशी झाली.

"म्हणजे सगळ्या गावाक ठाऊक," आई म्हणाली. "दुखणा माझा, आणि शेवटचा कोणाक कळला? माका."

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिला राग आला होता आणि तो बरोबर होता. थोड्या वेळाने स्वतःच उठून पाणी प्यायली, मलाही दिलं, आणि म्हणाली, "आता सगळा सांग. डॉक्टर काय काय बोललो ता."

मी दोन्ही वाटा सांगितल्या. तिने जे प्रश्न विचारले तसे वॉर्डात कुठल्या नातेवाइकाने मला विचारले नव्हते. रेडिएशन दुखतं का? त्याने केस जातात का? हात वर होईल का, वरच्या फळीवरचा डबा काढता येईल का? पूर्ण काढलं तर ब्लाउज कसा बसेल? ठेवलं आणि परत आलं तर? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं, जे नक्की माहीत होतं ते नक्की म्हणून, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून. शेवटी ती म्हणाली, "बरा. माका इचार करूक दी. गुरुवारी सांगतंय."

तिथे मी बोलायला हवं होतं. आई, विचार करू नकोस, तुझं आम्ही शुक्रवारीच ठरवून टाकलंय, मीच फोन केलाय. तोंड उघडलंही. पण एका दुपारी एवढं पुरे, असं स्वतःला समजावलं. सगळं सांगितल्याचं समाधान मला इतक्यात सोडवत नव्हतं.

त्या संध्याकाळी दादाला फोन केला. तो भडकलाच. "तू सांगितलंस? काय गरज होती? वाट लावलीस ना तू. आता ती झोपणार नाही, जेवणार नाही." मी म्हटलं, जेवली, दोनदा भात घेतला. "आणि आता ती काय वेगळंच म्हणाली तर?" दादा म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "नाही म्हणणार. या वयात काय करायचंय तिला?" मलाही तसंच वाटत होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, विधवा, दोन मुलं वाढवून झालेली. ती पूर्णच काढा म्हणेल, आणि मग त्या फोनचं कुणाला कधी कळायचं कारणच नाही. मी या आशेवर चार दिवस काढले.

चार दिवस कसले, प्रत्येक तास मोजला. ड्यूटीवर माझ्या हातून दोनदा औषधाची ट्रॉली भलत्याच बेडपाशी गेली. मंगळवारी हिय्या करून डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या असिस्टंटने सांगितलं, सर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, संध्याकाळी करा. संध्याकाळी मी केला नाही. बुधवारी ठरवलं की गुरुवारी आईच्या आधी पाच मिनिटं आत जाऊन सांगेन. आई त्या दिवसांत फार बोलत नव्हती, पण रुसलेलीही नव्हती. मासे आणले, साफ केले, पापड वाळत घातले. एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. पदर खाली होता आणि तिने डाव्या बाजूवर नुसता हात ठेवला होता. मी मागच्या पावली परत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

गुरुवारी दादा हाफ डे टाकून आला होता. आमचा नंबर लागला तेव्हा मी घाईने पुढे झाले, पण आई माझ्याही पुढे होती. पाच मिनिटं आधी जायचं राहून गेलं. तिघंही आत गेलो. आई मधल्या खुर्चीत बसली. डॉक्टर म्हणाले, "आजी, कशा आहात? जरा बाहेर—"

"मी हयच बसतंय," आई म्हणाली. "माका ठाऊक आसा, कॅन्सर हा."

डॉक्टर क्षणभर गडबडले. माझ्याकडे, दादाकडे बघितलं. मग चष्मा सारखा करून म्हणाले, "छान, मग सोपंच झालं. तारीख बघून ठेवलीय मी. पूर्ण काढायचं आपलं ठरलंच आहे ना, सिस्टरनी शुक्रवारी फोनवर सांगितल्याप्रमाणे." त्यांनी संमतीचा कागद पुढे ओढला. त्यावर तसंच टाइप केलेलं होतं.

आई कागदाकडे बघत नव्हती.

"फोन कोणी केल्यान?"

"मी," मी म्हटलं.

"शुक्रवारी?"

"हो."

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. शुक्रवार, म्हणजे रविवारच्या आधी. मी खाली बसून रडले त्याच्या आधी. दादा मध्ये पडला, "आई, अगं तुझ्याच भल्यासाठी. या वयात रोज सहा-सहा आठवडे—"

"वय माझा हा, झिला." तिने दादाकडे बघितलंही नाही. डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, ता खोडा. गाठ तेवढी काढा. बाकीचा माझा आसा, ता ऱ्हवांदे."

डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज यावं लागेल. शनिवार-रविवार सोडून रोज. थकायला होतं."

"येतलंय. रोज येतलंय. रिक्षा गावता घाटकोपराक."

"नीट विचार केलाय ना तुम्ही?"

"चार दिवस केलंय," आई म्हणाली. "ह्यांनी एका फोनात केल्यानी."

डॉक्टरांनी पेन काढलं, टाइप केलेल्या ओळीवर रेघ मारली आणि वर हाताने दुसरी ओळ लिहिली. मग ती ओळ आईला मराठीत वाचून दाखवली, सावकाश, आणि कागद तिच्याकडे फिरवला. असले कागद मी रोज शंभर बघते. सही कुठे करायची ते दाखवायला माझा हात सवयीने पुढे गेला. आईने तो बाजूला केला आणि जागा कुठली ते डॉक्टरांना विचारलं.